गोमीची ठेव

चैत्र शु. ११, सन १९२७. खालापूर.
बदलीचा हुकूम आला एकदाचा. हे कर्जतच्या शाळेवर. बिऱ्हाड हलवायचा मुहूर्त अखितीचा, साडेतीन मुहूर्तांतला, म्हणजे पंचांग उघडायला नको. क.ची जागा हे पाहून आले. दोन खोल्या नि पडवी. माळा नाही. इथं नऊ वर्षांत माळा भरून टाकलाय त्याचं काय? हे म्हणाले, "एका बैलगाडीत मावेल तेवढंच न्यायचं." म्हणणारे हेच, आणि पुडीचा दोरा टाकवत नाही तेही हेच.

शु. १३
पदर खोचून माळ्यावर चढले. मोडक्या छत्र्या तीन, कुणाच्या ते देव जाणे. फुटकी बरणी. पाळण्याच्या कड्या. वाळवीनं खाल्लेला पाट. ह्यांच्या जुन्या हजेरीपटांचा गठ्ठा ह्यांना विचारून अंगणात ठेवला, तो संध्याकाळी परत खाटेखाली सापडला. टाकायला छाती लागते, ती ह्या घरात माझ्याकडेच आहे.

चैत्री पौर्णिमा
मारुतीच्या देवळातून येते तो अंतू कासार दारात. क.हून गाडीभर भांडी घेऊन आला होता. म्हटलं, बरा सापडलास. जुनी तांब्यापितळेची सगळी मोड काढून दिली. तळाला भोक पडलेली कळशी, चेपलेलं घंगाळ, दोन झाकण्या, कान तुटलेली पातेली. सगळं पोत्यात कोंबून मीच तोंड बांधलं. बदल्यात झाकणाचा पितळी डबा घेतला, झकास आहे. माळा लख्ख झाला. आज फार दिवसांनी स्वतःवर खूष आहे.

व. २
कपड्यांची पेटी. बाळाचं झबलं निघालं. तो गेला त्याला सहा वर्षं झाली. हे म्हणाले, "हे तरी राहू दे." मी कुठं टाकत होते? घडी घालून माझ्या लुगड्यात ठेवलं. एवढुसं तर आहे, त्याला काय जागा लागते.

व. ४
आज काय लिहू.

दुपारी धर्मा आला, गोमीचा पुतण्या. गोमी म्हणजे वरच्या ठाकरवाडीतली, नऊ वर्षं आम्हाला लाकूडफाटा घालणारी. दिवाळीनंतर ती लेकासुनेबरोबर घाटावर खडी फोडायला गेली होती. धर्मानं निरोप दिला, "चुलती अखितीला येतेय. देव काढून ठेवायला सांगितलाय तिनं." मी म्हटलं, "हो हो, ठेवते." तो पाणी पिऊन गेला. आणि मग आठवलं.

तिचा देव त्या भोकाच्या कळशीत होता. फडक्यात गुंडाळून. मी माझ्या हातानं मोडीत दिला.

व. ५
झोप नाही. खरं काय ते इथं तरी लिहावं, दुसरीकडे कुठं लिहिणार.

देव म्हणजे तिचा थोरला लेक. मधाचं पोळं काढताना कड्यावरून पडला, लग्न व्हायचं होतं. असा अवेळी गेला की त्यांच्यात त्याचा वीर करतात, टाक घडवतात, पुजतात. तांब्याचा पत्रा, दोन बोटं रुंद, त्यावर घोडेस्वार. दिवाळीत मला म्हणाली, "देव परमुलखात न्यायचा नाय, बाय. वाडीत कोन ऱ्हात नाय. दिराकडं देला तर तो परत द्यायचा नाय. तू ठेव. माजा पोर हाय." ठाकरं सगळ्यांनाच अगंतुगं करतात, मला ते कधी टोचलं नाही.

मी म्हटलं, "आमच्या देवांशेजारी ठेवते गं, काळजी करू नकोस."

तोंडानं म्हटलं. ती वळली नि माझ्या मनात आलं, ह्याला कोंबडं दाखवतात, तो आपल्या देव्हाऱ्यात कसा ठेवायचा? जमिनीवर ठेवायचा नाही, अडगळीत टाकायचा नाही एवढी अक्कल होती. म्हणून कळशीत घालून माळ्याच्या आढ्याला टांगला. कळशी तांब्याची, म्हणजे शुद्धच, अशी मनाची समजूत घातली. कळशी केव्हा खाली आली, मोडीच्या ढिगात केव्हा पडली, मी आत हातसुद्धा घातला नाही.

माझा बाळ गेला तेव्हा ही बाई तेरा दिवस रोज आली. अंगण सारवून जायची. आणि मी माझ्या लेकराचं झबलं लुगड्यात जपलं नि तिचा लेक भंगारात घातला. लाज वाटते.

व. ७
क.ला जाऊन आले. ह्यांना सांगितलं, नव्या खोल्या सारवून येते. शेजारच्या गाडीतून गेले. खोल्या नंतर, आधी अंतू कासाराचं दुकान. तो म्हणाला, "मोड तर परवाच पुण्याला गेली, वैनी. आमी ठेवून काय करनार? एव्हाना भट्टीत गेली असंल." मागच्या अंगणात थोडा ढीग राहिला होता तो मी बसून उपसला. काळे हात घेऊन पुन्हा पुन्हा तीच भांडी पाहिली. नाही.

त्यानं विचारलं काय हरवलं. म्हटलं, वीराचा टाक. तो हसला, वाईट नाही हसला, नि आतून एक डबी आणली. आत चारपाच टाक. "ह्यो घ्या की. वीर सगळे सारखेच." घोडेस्वार, हातात तलवार. पण घोड्याचं तोंड कुठल्या बाजूला होतं? तिच्या टाकावर, म्हणजे? पाच महिने घरात होता, मी एकदा धड पाहिला नाही. घोडा पळत होता की उभा तेही सांगता यायचं नाही.

तरी एक घेतला. वाटेत स्वतःला म्हणत आले, घेऊन ठेवू, द्यायचा की नाही ते मग बघू. चोर असंच म्हणत असतील. खोल्या सारवायच्या राहिल्याच.

व. १०
टाकाच्या बदल्यात डबा परत द्यायचं ठरलं होतं, तो धाडला. ह्यांनी विचारलंच, "नवा डबा कुठाय?" मग सगळं सांगावं लागलं. ह्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "करायला गेलीस गणपती नि झाला मारुती." मी रडले. मग म्हणाले, "दे तो नवा. तिला काय कळतंय? दुःख देण्यापेक्षा बरं." हे शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलांच्या हातावर छड्या मारतात. तसं म्हटलं नाही, कारण मला ह्यांचं म्हणणं पटावंसं वाटत होतं.

व. १३
एक विचार येतो, तो लिहून ठेवते म्हणजे माझी मलाच ओळख राहील. अखितीच्या आदल्या दिवशीच निघालो तर? ती येईल, दाराला कुलूप. ह्यांना विचारलंही, "द्वितीयेला निघू या का?" हे म्हणाले, "मुहूर्त कसा मोडायचा?" सुटल्यासारखं वाटलं नि अडकल्यासारखंही.

टाक देव्हाऱ्यात ठेवलाय. आता कोंबड्याची आठवण होत नाही मला. खोट्याला जागा मिळाली, खऱ्याला नाही मिळाली.

वैशाख शु. १
भांडी बांधली. ठरवलंय, खरं सांगायचं. पाय धरायचे. शिव्या देईल, देऊ दे.

शु. ३, अखिती. कर्जत.
नव्या घरात लिहितेय. सामान पसरलंय, गाडी नीट एकच झाली.

गोमी उजाडताच आली. वाळलीय. हाताला खडीचे घट्टे. गाडीला बैल जोडत होते. करवंदांचा द्रोण आणला होता, नव्या घरासाठी म्हणून. मी बोलायला तोंड उघडलं तर तिनं ओंजळ पुढं केली, आधी पोर दे म्हणून. मी आत गेले नि टाक आणून ओंजळीत ठेवला. म्हटलं, तो हातात पडल्यावर सांगू.

अंगठ्यानं चोळून पाहिला. पालथा केला, उलथा केला. म्हणाली, "उजळलाय गं. चिंच लावलीस?"

मी म्हटलं, "हो."

"तुज्या देवांपाशी ऱ्हायला न, मंग उजळनारच." आणि माझ्या पायाशी वाकली. मी मागं सरले, पण तिनं पायाला हात लावलाच.

मग म्हणाली, "सांजच्याला भगत बसंल. पोर अंगात येल. दिवाळीपासनं बोलला नाय माज्याशी, आज पोटभर बोलंल." आणि पदराखाली धरून गेली, चढावर सुद्धा घाईघाईनं. हे गाडीत बसून सगळं पाहत होते.

शु. ५
नळाचं पाणी आहे इथं. शेजारीण बरी आहे. परवा सांजवेळी भगत बसला असेल. काय झालं असेल?

शु. ९
बाजारात धर्मा भेटला, करवंदं विकायला आलेला. मी आधी भाव विचारला, मग तब्येत, मग धीर करून विचारलं, "गोमीचा वीर बोलला का रे?"

मान हलवली. "नाय आला. भगतानं तीनदा बोलावला. चुलती रातभर बसली व्हती. म्हनते, पोर रुसलाय. मी त्याला टाकून पैशाच्या मागं गेले, परक्या दारी ठेवला, दोस माजाच हाय. मीठ सोडलंय तिनं. फुडल्या अखितीपतूर खायाची नाय."

वर्षभर मीठ नाही. भाकरीबरोबर मिरची-मीठ एवढंच तर खाते ती बाई.

मी विचारलं, आणखी काय म्हणाली. तो जरा घुटमळला. "मास्तरीन बायला सांगू नको म्हनली. तिला वायट वाटंल."

करवंदं न घेताच घरी आले. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "विसरेल हळूहळू. आता सांगून तिचं काय भलं होणार?" मी म्हटलं, "मीठ तरी खाईल."

उद्या सकाळी खालापूरला जाणारी गाडी सांगून ठेवलीय. वाडीपर्यंत पुढं चढ आहे, चालेन. भट्टीत गेला म्हणून सांगू, की नुसतं हरवला म्हणू, हे अजून ठरत नाही.