दारातल्या चपला

रायपूर, मंगळवार संध्याकाळ

कान अजून वाजून राहिला. रायपूर राजधानी झाल्यापासून आमच्या साहेबाले शुगरच्या रोग्यांचा खरा आकडा पायजे, अन् दवाखान्याची यादी माझ्या घरोघरच्या सर्वेशी जुळत नाही. पुरानी बस्तीतल्या एका बापानं मागे मले तोंडावर सांगितलं होतं, घरात सगळे ठीक; पण दवाखान्याच्या यादीत त्याच्या पोरीचं नाव होतं. आज त्याच्या दारात मी मोठ्यानं विचारलं, "मग तुमची पोट्टी इन्सुलिन काहून घेते?"

आत तिले पाहायला पाहुणे बसले होते. ते उठून गेले. बापानं माझ्या कानाखाली वाजवली, मग आत जाऊन पोट्टीले पट्ट्यानं झोडपलं. मी फाइल धरून उभा. मले काय माहीत, पाहुणे आहेत म्हणून?

ऑफिसात साहेबानं विचारलं, "कोणती यादी खरी?"

"दवाखान्याची."

"शाब्बास."

दारातल्या चपला मले दिसल्या होत्या.