तुकडा पडू द्यायचा

मला तुमी फळीवर बसवलंत, करवत दिली न्हाई. भावाला दिलीत. त्याला सरळ रेघ मारता येत नव्हती, कानावर पेन्सिल खोचून गावभर हिंडायचा एवढीच त्याची सुतारकी, आणि शेवटी चिकटला कुटं तर रेल्वेत. मी मात्र फळीवर. कापताना फळी हलू नये म्हणून वजन लागतं, आणि घरात फुकटचं वजन म्हणजे मी. धोंडा ठेवला असता तरी भागलं असतं, पण धोंड्याला तुकडा झेलता येत न्हाई, म्हणून मी. इतकी वर्षं हे पोटात होतं, ते आधी बाहेर काढलं. आता बोला आबा, कसे आहात?

मेलेल्या माणसाला कसे आहात म्हणून विचारतात का, ते मला माहीत न्हाई. तिसरीतनं माझी शाळा तुमीच बंद केलीत, तेव्हा पत्राची रीत माझ्याकडं मागू नका. बोलते तसं लिहिते. जोडाक्षर चुकलं तर तुमचंच चुकलं असं धरा.

तुमी देहूरोडला मिलिटरीच्या डेपोत पेट्या ठोकायला होता. घोरावाडी स्टेशनला गाडी धरायचात, संध्याकाळी अंगाला पाइनचा वास घेऊन यायचात, आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या अंगणात गावची कामं. कुणाचा पाट, कुणाचा पाळणा, कुणाच्या खिडकीची चौकट. मला ते अजून समोर दिसतं. फळी दोन ठोकळ्यांवर आडवी आहे, तुमचा डावा पाय तिच्यावर रोवलेला आहे, मी पलीकडं मांडी घालून बसलेय, आणि करवत खर्र खर्र करत माझ्या गुडघ्याशी येतेय. शेवटाला आली की तुमी नुसतं ‘हां’ म्हणता आणि मी हात पुढं करते. तुकडा आपल्याच भारानं मोडून पडला तर लाकडाची शेवटाची शीर फाटते, कोपऱ्याचा टवका उडतो, आणि ते काम जन्मभर भुंडं दिसतं. म्हणून झेलायचं. एकदा शेजारच्या लग्नाचा चौरंग चालला होता आणि रस्त्यानं गारेगारवाला घंटी वाजवत निघाला. माझी मान वळली, तुकडा पडला, टवका उडाला. तुमी करवत खाली ठेवलीत आणि म्हणालात, ‘‘पडला व्हय? बरं झालं. आता या चौरंगावर तूच बस, नवरानवरी हुबी ऱ्हातील.’’ आई पदरात तोंड घालून हसत होती. मला गारेगार पण मिळालं न्हाई. पण त्या दिवसानंतर एक तुकडा माझ्या हातनं खाली गेला न्हाई. पुढं एका गिऱ्हाइकाला तुमी सांगितलंत, ‘‘माझ्या पोरीच्या हातनं तुकडा भुईला लागत न्हाई.’’ तुमी माझी केलेली वाहवा काय ती एवढीच, आणि ती पण मला न्हाई, गिऱ्हाइकाला. मी चुलीमागनं ऐकली आणि ठेवून घेतली.

आता इकडचं सांगते. माझी नात, म्हणजे तुमची पणती, सुतार झालीय. तोंड वासू नका. आयटीआयला शिकली आणि आंबीला पत्र्याची शेड घेऊन बसलीय. तिकडच्या कंपन्यांत ज्या लाकडी पेट्यांतनं माल येतो, त्या रिकाम्या पेट्या ती उचलून आणते, खिळे उपसते आणि त्या लाकडाच्या आरशांच्या चौकटी, फडताळं असलं काय काय लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांना करून देते. तुमी जन्मभर पेट्या ठोकल्या, ही उकलत बसलीय. त्या बंगलेवाल्यांना लाकडात जुन्या खिळ्यांची भोकं दिसली की आनंद होतो. तुमी असता तर तुमी भोकं बुजवून, वर रंग मारून दिला असता आणि गिऱ्हाईक पळालं असतं.

तिच्याकडं एक मशीन आहे, मायटर सॉ म्हणतात. टेबलावर बसवलेलं गोल पातं, वर मूठ. मूठ धरून खाली दाबायची, हातपंपासारखी, की लाकूड कापलं. पातं डावीउजवीकडं वळवून अडकवता येतं, त्यामुळं चौकटीच्या कोपऱ्याचा तिरका काप असा निघतो की सांध्यात नख जात न्हाई. तुमी कोपरा मापायचा गुण्या लावून, जीभ दातांत धरून ज्याच्यावर अर्धा दिवस घालवायचात, ते हितं चहा उकळेपर्यंत होतं. राग मानू नका, आहे ते सांगितलं.

पण पणती तुमच्याहून कडक आहे. मी खिळे उपसायला जायला लागले तेव्हा काही म्हणाली न्हाई, पण मला मशीन शिकव म्हटल्यावर माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. पदर खोचायचा आणि वरनं जाड कापडाचा एप्रन घट्ट बांधायचा. बांगड्या काढायच्या. आबा, नवरा गेला तेव्हा चार बाया बांगड्या फोडायला आल्या होत्या, त्यांना मी उंबऱ्यावरनं परत पाठवलं होतं. आणि ह्या पोरीनं एका मशीनसाठी काढायला लावल्या! काढल्या. घरी जाताना परत घालते. हातमोजे घातले तर ते पण काढायला लावले. म्हणे मोजा पात्यात गुंतला की आतला हात पण ओढून नेतो. डोळ्यांवर चष्मा, कानांवर झाकणं. ती झाकणं लय गुणाची आहेत, सून बोलत असली तरी ऐकू येत न्हाई. घरी घेऊन जाऊ का विचारलं, न्हाई म्हणाली.

मग एकेक करून सांगितलं. पेटीचं लाकूड आहे, आत मोडका खिळा राहिला असंल, आधी चाचपायचं. लाकूड मागच्या लोखंडी पट्टीला टेकवायचं आणि शिकंज्यात आवळायचं. टेबलावर लाल पट्टी मारलीय, तिच्या आत बोट न्यायचं न्हाई. पातं पुऱ्या वेगात आलं की मगच खाली आणायचं, दामटायचं न्हाई. कापून झालं की बटण सोडायचं, पण मूठ खालीच धरून राहायचं. पातं थांबलं की मग वर. आणि तोवर कापलेल्या तुकड्याला हात लावायचा न्हाई. मी व्हय व्हय म्हणत गेले. डोक्यानं सगळं ऐकलं. हातानं शेवटचं तेवढं ऐकलं न्हाई.

त्या दिवशी ती कापत होती आणि मी शेजारी उभी राहून बघत होते. पातं लाकडाच्या पार गेलं, आवाज बदलला, आणि माझा हात निघाला. मी पाठवला न्हाई, आबा. तुमचा ‘हां’ ऐकल्यासारखा आपला आपण निघाला. पातं अजून फिरत होतं. पोरीनं कोपरानं मला असं ढकललं की मी भुशाच्या ढिगात बसले, आणि तो तुकडा पात्याला लागून उडाला तो पत्र्यावर असा वाजला की बाहेरचं कुत्रं केकाटत पळालं. पोर मूठ खाली धरून पातं थांबेपर्यंत उभी राहिली, मग प्लग काढला, आणि मग ओरडली. शिस्तीची आहे.

‘‘आजी, हात कुठं चालला होता?’’

‘‘झेलायला.’’

‘‘काय झेलायला?’’

‘‘तुकडा. पडंल म्हणून.’’

‘‘मग पडू दे ना! तुकडा आहे तो, पाळण्यातलं बाळ नाहीये!’’

मला तर अजून काय झालं तेच कळलं नव्हतं. ती म्हणाली, ‘‘तू घरी जा. उद्यापासून शेडमध्ये यायचं नाही.’’ शेडमधली पॉलिश करणारी बाई मला उठवायला आली आणि कानात म्हणते, ‘‘मावशी, माझ्याकडं या कामाला. ब्रश चावत न्हाई.’’ मी म्हटलं, ‘‘तुझा ब्रश तुझ्याकडंच ठेव.’’ कारण मला मशीनच पाहिजे होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या कापण्याला वजन झाले, आता कुटं मूठ हातात येणार होती, आणि ती घालवली कुणी, तर तुमी शिकवलेल्या हातानं.

घरी बसून मी रुसले न्हाई. रुसायला वेळ कुटं आहे. मी बटाटे घेतले. स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेवर बटाटा ठेवायचा, उजव्या हातानं ढकलायचा, डावा हात जागच्या जागी ठेवायचा. पहिल्या दिवशी सगळे बटाटे झेलले. एक पण खाली गेला न्हाई. तुमी बघितलं असतं तर खूश झाला असता. मग डावा हात पाठीमागं नेऊन पदराचा शेव मुठीत धरला, हाताला काहीतरी काम दिलं, तेव्हा कुटं बटाटे पडायला लागले. सून आली.

‘‘आत्याबाई, काय चाललंय बटाट्यांचं?’’

‘‘पाडतेय.’’

‘‘ते दिसतंय. कशासाठी?’’

‘‘तुझ्या लेकीला विचार.’’

लेकीला विचारल्यावर लेक आधी लय हसली. मग उठून टोपलीतलं अंडं आणलं. मी म्हटलं, ‘‘आता ह्याचं काय?’’ म्हणाली, ‘‘बटाट्याला काय होतं पडून? हे पडू दे, मग मानते.’’ कडेला ठेवलं आणि बोटानं टिचकी मारली. आबा, अंडं कडेपर्यंत गडगडत जातं तेवढ्यात माणसाला किती काय आठवतं. खांद्यापासनं हात नुसता ओढ घेत होता. मी पदर सोडला न्हाई. अंडं फुटलं, बलक सुनेच्या पावलावर उडाला. पोरीनं मला मिठी मारली आणि सून म्हणाली, ‘‘मिठ्या मग मारा. आधी दोघींनी मिळून पुसा.’’

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये. आधी प्लग काढून नुसतीच मूठ वरखाली करायला लावली, तोंडानं घर्र आवाज काढत ती शेजारी उभी. पॉलिशवालीला हसू आवरेना. मग प्लग लावला. लाकूड शिकंज्यात, डावा हात पाठीमागं पदरात, उजवा मुठीवर. पातं वेगात आलं, खाली आणलं, आणि आबा, लोण्यातनं गेल्यासारखं गेलं. बटण सोडलं. तुकडा पडला, टक् करून, भुईवर. मी मूठ धरून उभी. पातं थांबलं तेव्हा मूठ वर सोडली आणि तुकडा उचलून बघितला. टवका न्हाई, फाटलेली शीर न्हाई, कड आरशासारखी. तेव्हा मला कळलं की तुमची करवत शेवटाला लाकूड फाडायची, म्हणून तुमचं झेलणं खरं. हिचं पातं फाडत न्हाई, म्हणून हिचं सोडणं खरं. दोघांचंही खरं, पण बोटं माझी. तेव्हापासनं चौकटींचे तिरके काप मीच काढते. लोणावळ्याच्या एका बंगल्यात जिन्यावर आरसा आहे, त्याचे चारी कोपरे माझे आहेत.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. नातीनं कामाला गावातल्या नव्या बाया घेतल्यात. मशीनची माहिती ती देते, पण झेलायचं न्हाई हे मला सांगायला लावते. मी सांगितलं. त्या पण व्हय व्हय म्हणाल्या, आणि मला ते व्हय ओळखीचं वाटलं. अशा बाया एक दिवस हात घालणार. म्हणून मी त्यांना तुमचं बोट सांगितलं. तुमच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला वरचं पेर नव्हतं. आमी विचारलं की तुमी दर खेपेला वेगळंच सांगायचात. मांजरानं खाल्लं. गाडीच्या दारात राहिलं. साहेबाला उसनं दिलंय, परत करंल. आमी हसायचो आणि विचारायचं राहून जायचं. डेपोत मोठं मशीनचं पातं होतं, एवढं मला माहीत आहे, आणि त्या मशीनचा विषय निघाला की आई उठून आत जायची, एवढं माहीत आहे. बाकी काही माहीत न्हाई. तरी मी बायांना सांगितलं की माझ्या बापाचं बोट पडता तुकडा झेलताना गेलं. अगदी मी तितं उभी होते असं सांगितलं. रक्त जरा जास्तच सांडलं माझ्याकडनं. पण बाया आपापल्या हातांकडं बघायला लागल्या, आणि एकीनं हात आपोआप पाठीमागं नेला. म्हणजे काम झालं.

तेव्हा आता मला खरं कळायला पाहिजे. बोट तसंच गेलं असंल, तर मग मला झेलायला का शिकवलंत? भांडत न्हाई, विचारतेय. आणि मांजरानंच खाल्लं असंल तर तसं सांगा, पण बायांना मी ते सांगणार न्हाई. पत्र काही मी टाकणार न्हाई, पोस्टमनला तुमचा पत्ता काय सांगू? पण उत्तर तुमीच द्यायचं, तुमच्या तोंडानं. आईला पुढं करायचं न्हाई. ती तुमचीच बाजू घेणार.