दोन राष्ट्रांची बैठक आणि माझी खुर्ची

बनशंकरी, बेंगळूरु
मंगळवार

तीर्थरूप अण्णांना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल रोज चोळता ना? (चोळत नाही, हे अक्कांनी मला सांगितलंय, तरी रीत म्हणून विचारते.) इकडे सगळे ठीक. तुमचे बंधू दुकानातून आले की पंखा मोठा कर म्हणून मला स्वयंपाकघरातून बोलावतात. पंख्याचं बटण त्यांच्याच खुर्चीमागे आहे.

या वयात एम.ए. करून सुनंदा काय अमेरिकेची अध्यक्ष होणार का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. म्हटलं, सविस्तर लिहावं; फोनवर तुम्ही बोलू कुठे देता! तर थोरली शिल्पाश्री सासरी गेली, धाकटी पवित्रा दिवसभर नोकरीवर, घर खायला उठलं, म्हणून मी विद्यापीठात नाव घातलं. विषय, स्त्रियांचे हक्क आणि जागतिक राजकारण. वर्गातली मुलं मला आंटी म्हणतात आणि माझ्या डब्यातल्या चकल्या संपवतात, तेव्हा मानपान बरा आहे.

गेल्या आठवड्यात आमची परीक्षा झाली. लेखी नव्हे, नाटकासारखी. एका नदीवरून भांडणारी दोन राष्ट्रं, त्यांची शांतता परिषद, आणि मध्यस्थ मी. मुलं कोट घालून आली होती (एकाच्या कोटाला दुकानाची चिठ्ठी तशीच लोंबत होती). सुरुवातीलाच भांडण कशावरून? तर टेबलाच्या टोकाला कोणी बसायचं यावरून! अण्णा, मला इतकं घरच्यासारखं वाटलं म्हणून सांगू. आपल्या रघुपतीच्या लग्नात वरपक्षाच्या मामांना लोड मिळाला नाही, तेव्हा असंच झालं होतं. मी टेबलच हलवलं आणि खुर्च्या गोल मांडल्या. तेवढ्यात किरणकुमार नावाचा संरक्षणमंत्री रुसून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. पुस्तकात यावर मोठं प्रकरण आहे, पण मला ऐन वेळी त्यातलं अक्षर आठवेना. मी गेले आणि विचारलं, जेवलास का रे? नव्हता जेवला. दोन चकल्या खाऊन मंत्री मुकाट्याने आत आले.

मग माझ्या लक्षात आलं, दोन्हीकडच्या मुली मागे बसून नुसतं लिहून घेत होत्या. त्यांना पुढे बोलावलं. पाणी पाळीपाळीने घ्यावं, हे दोघींना केव्हाचं सुचलं होतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं! करार झाला. आणि तिथे माझा तोल गेला. मी पर्समधून साखरेची पुडी काढली, दोन्ही मंत्र्यांच्या हातावर साखर ठेवली, एकमेकांना व्याही म्हणायला लावलं आणि आता मुहूर्त काढा म्हणाले. वर्ग हसून लोळला. बाईंनाही हसू आवरेना.

हसणं थांबल्यावर बाईंनी विचारलं, हे सगळं कुठे शिकलात? मी ऐटीत सांगितलं, आमच्या घराण्यातल्या झाडून सगळ्या लग्नांच्या बैठका मी ऐकल्यात. त्या म्हणाल्या, "तुम्ही कुठे बसायचात?"

अण्णा, मी बसतच नव्हते. स्वयंपाकघराच्या दाराआड पोहे परतत उभी असायची. शिल्पाश्रीने बँकेतली नोकरी सोडायची, हे बैठकीत दुसऱ्या चहाला ठरलं. तुम्ही मोठेपणाने मान डोलावलीत, यांनी तुमच्याकडे बघून डोलावली, आणि आत माझे पोहे करपले. "सुनंदा, आज पोहे लागले गं," एवढंच तुम्ही म्हणालात. पोर अजून फोनवर बँकेतल्या मैत्रिणींच्या गोष्टी सांगते आणि मधेच, कुकर लावायचाय म्हणून फोन ठेवते. मला फार वाईट वाटतं हो.

असो. मोठ्यांना अधिकउणं लिहिलं असेल तर पोटात घाला. अक्कांना नमस्कार, आणि गुडघ्याला खरंच तेल लावा.

तुमची,
सुनंदा

ता.क. रविवारी पवित्राच्या लग्नाची बैठक आहे, विसरला नसालच. तुमच्या खुर्चीशेजारी माझी खुर्ची मांडली आहे. यशवंतपूरला नवऱ्यामुलाच्या, म्हणजे प्रणीतच्या आईंनाही फोन केला, तुम्हीही बाहेरच बसा म्हटलं. त्या म्हणाल्या, कुठली साडी नेसू?

ता.क. पोहे तुमचे बंधू करणार आहेत. रोज सराव चालू आहे. घरून काहीतरी खाऊनच या.

ता.क. पवित्राची नोकरी सुटणार नाही, हे बैठकीत पहिल्या चहाच्या आधी मी बोलणार आहे. तुम्ही फक्त सरी, बरं आहे, एवढंच म्हणायचं. रागावून गच्चीत जाऊन उभे राहिलात तरी चालेल. चकल्यांचा डबा घेऊन मी मागोमाग येईनच. रुसलेल्याला परत आणण्याचे मला पैकीच्या पैकी मिळालेत.