रजिस्टरातली बाविसावी ओळ

३ जानेवारी १८८७, सोमवार. ठाणे.
नवे वर्ष, नवे रजिस्टर. डॉक्टरसाहेबांनी दवाखान्यातल्या सगळ्या कारकुनांतून हे काम मलाच दिले. कारकून मी एकटाच आहे, हा भाग वेगळा. कातडीला खवले येतात त्या रोगाला साहेब सोरायसिस म्हणतात. शंभर रोग्यांत तो किती जणांना आहे आणि त्याच्या जोडीने आणखी काय काय आहे, ते लिहायचे. रकाने: कातडी, नखे, सांधे, दारू, मन.
संकल्प: अक्षर सुवाच्य. कोपर खाजवायचे नाही. माझ्या कोपराला टेबलाची कड लागते, बाकी काही नाही.

८ जानेवारी.
आज कोलशेतचा धाकू आला. खवले आहेतच, शिवाय बोटे आखडलीत. मिठागरावर त्याला पाण्याच्या माठाला हात लावू देत नाहीत, महारोगी समजतात. मी त्याला ठणकावून सांगितले की हा महारोग नव्हे, शिवल्याने होत नाही, लपवू नकोस, घरी रोगाचे नाव सांगून मोकळा हो. तो रडायला लागला. लोक उगाच लपवतात.
शेवंती कल्याणला माहेरी गेली त्याला दीड महिना झाला. तिकडची हवा तिला मानवते. जाण्याआधी माझे अंथरूण वेगळे घालायची. दिवाळीनंतरही उकाडा होताच.

१३ जानेवारी.
काल संक्रांत. कल्याणहून तिळगूळ आला नाही. टपालाचा घोळ असणार.
मनाच्या रकान्यात काय लिहावे? कसे वाटते विचारले की रोगी म्हणतात, त्यात वाटायचंय काय! मी लिहितो: स्वभाव शांत. माझाही तसाच आहे.

१९ जानेवारी.
साहेब खवल्यांवर देतात ते गोव्याच्या पुडीचे मलम थोडे घरी आणले. टेबलाच्या कडेवर उपाय म्हणून. ही कड डोक्यालाही लागलेली दिसते, केसांतही खवले आहेत. मलम लागलेल्या सदऱ्याच्या बाह्या साबण लावताच जांभळ्या झाल्या. दवाखान्याचे कपडे धुणारी ठमाबाई म्हणाली, असले डाग ती रोज रोग्यांच्या चादरींवर बघते. तिला म्हटले, शाई सांडली.

२७ जानेवारी.
सातशे रोग्यांत एकवीस. शेकडा तीन. साहेबांनी रजिस्टर तपासले, मग माझी बाही वर सारली आणि बाविसावी ओळ स्वतः लिहिली. त्र्यंबक, वय चौतीस. मनाचा रकाना तेवढा सोडला. तो मी भरावा म्हणे. बायको यामुळेच गेली का, असे विचारले. मी म्हटले, हवापालट.
त्यांनी इंग्रजीत चिठ्ठी दिली: त्र्यंबकास महारोग नाही, सोरायसिस आहे, शिवल्याने होत नाही. खाली सही, शिक्का. आता कोण काय बोलणार! रविवारी शेवंतीला घेऊनच येतो. दोन पाट पुसून मांडून ठेवले.

३० जानेवारी, रविवार.
कल्याणला जाऊन आलो. अंगणात सासूबाई, मेहुणा गुणाजी, शिवाय शेजारचे चार जण. शेवंती दारात. गाठोडे बांधून तिच्या पायाशी ठेवलेले मी पाहिले.
इंग्रजी कोणालाच येत नाही. गुणाजी म्हणाला, तुम्हीच वाचा. चारचौघांत, सासूबाईंसमोर, रोगाचे नाव तोंडातून फुटेना. मग मी खणखणीत आवाजात वाचले: त्र्यंबकास काहीही झालेले नाही.
शेवंतीने माझ्या जांभळ्या बाहीकडे पाहिले. काहीच झालं नाही तर साहेबानं कागद कशाला दिला, एवढेच म्हणाली आणि गाठोडे उचलून आत गेली. गुणाजीने हातात घेतलेली चिठ्ठी माझ्या हाती न देता जमिनीवर ठेवली. मी ती उचलली.
घरी येऊन रडू येईल वाटले होते. आले नाही. काहीच वाटले नाही.

३१ जानेवारी.
बाविसाव्या ओळीतला मनाचा रकाना भरला. स्वभाव शांत. अक्षर सुवाच्य आले.
एक पाट उचलून भिंतीशी ठेवला.