विहिणीची पंगत टेम्पोत गेली

आदरणीय गैबीसाब मामू यांना शाकीरचा सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? मुमानींचा खोकला थांबला का? माझी तब्येत या ओळीपर्यंत ठीक आहे, पुढचं सांगता येत नाही.

लग्नात उरलेलं जेवण निराधारांपर्यंत पोचवणारं माझं ॲप तुम्हाला ठाऊकच आहे. कार्यालयातला वाढपी दर पंगतीला मोबाईलवर बटण दाबतो. पाऊण तास बटण दाबलं गेलं नाही, की ॲप समजतं जेवणं आटोपली, आणि मला टेम्पो घेऊन पिटाळतं. आज बार्शी रोडला मानसिंगरावांच्या पिंकीचं लग्न होतं. तिथं बटण दाबलं गेलं नाही, कारण नवऱ्या मुलाची आई सोजरबाई रुसल्या होत्या (मानाची साडी फिकी निघाली) आणि सगळं घर, वाढप्यांसकट, त्यांची समजूत काढत होतं. विहिणीची पंगत अजून बसायचीच होती. ॲपला रुसवा कळत नाही, मामू. ते शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं. मी मागच्या दारानं भात, बुंदी, वांग्याची भाजी, सगळं उचललं.

इकडं विहीणबाई एकदाच्या राजी होऊन पाटावर बसल्या, तर पातेली गायब! आता म्हणतात, सून नेणार नाही. पिंकी मांडवात रडतेय. हे मानसिंगरावांनीच फोनवर सांगितलं, वर म्हणाले, "कुटं हाईस तू? हालू नगंस, आलोच." मी फोन बंद केला (म्हणून हा कागद). पण टेम्पो कुठं आहे ते दात्याला नकाशावर दिसतं. ही सोय मीच केली, तिच्याबद्दल बक्षीसही घेतलं. होटगी रोडच्या निराधार आजींच्या आश्रमात, कोठीच्या खोलीत पोत्यांमागे बसलोय. जेवण परत न्यावं तर आजींची ताटं वाढून झालीत, त्यांना कसं उठवू? फार भीती वाटतेय, मामू. त्या पोरीचं काय होईल याची जास्त. (खोटं कशाला, दोन्हींची सारखीच.)

तुमचा भाचा,
शाकीर

ता. क. : गाडी आली! मानसिंगरावांबरोबर विहीणबाई स्वतः. मी कलमा पढून घेतला. फटीतून दिसलं ते लिहितो. इथल्या शिवम्माआजींनी दारातल्या बाईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उभी का गं? बस की, भात निवतोय." सगळ्या मांडवानं तासभर मनधरणी केलेली ती बाई सकाळपासून उपाशी होती. मुकाट्यानं मांडी घालून बसली. दोन घास खाऊन म्हणाली, "पिंकीला हितंच आणा. माझ्याजवळ बसवा." मला रडूच आलं.

ता. क. २ : पिंकीबरोबर दोन्हीकडची ऐंशी न जेवलेली माणसं निघालीत आणि इथला भात संपला. ही चिठ्ठी खिडकीतून रिक्षावाल्याकडे देतोय. त्याच्याच रिक्षात तुमची मोठी देग आणि तांदूळ घालून या. मानसिंगराव अजून मलाच शोधतायत.