आक्का, कंसातलं मथुरेला वाचू नका

रत्नागिरी,
गुरुवार, दुपारचा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप आनंदीआक्का यांस,

धाकट्या बहिणीचा नवरा सखाराम याचा टोपी काढून, कंबर वाकेल तेवढी वाकवून नमस्कार. आपला दमा, आपले रातांबे आणि माणसाला पहाटे पुन्हा गोधडीत ढकलणारी ती दापोलीची थंडी, सगळं आपापल्या जागी खुशाल असेल. इकडे मी खुशाल, आमची घोडी अबोली खुशाल, घराची कौलं घरावरच आहेत. मथुरेचा गुडघा कसा आहे ते सविस्तर कळवावं. ती स्वतः 'बरा आहे' एवढंच सांगते, आणि ते तर ती पिकअपच्या पायरीवरून पडली तेव्हा जमिनीवर बसूनही सांगत होती.

(आक्का, हा कंस फक्त तुमच्यासाठी. मथुरेला माझी पत्रं वाचायचा कंटाळा. ती तुम्हाला वाचायला लावते आणि डोळे मिटून ऐकते, हे मला ठाऊक आहे. म्हणून या पत्रात बरं ते कंसाबाहेर लिहीन आणि खरं ते कंसात. कंस आला की मनात वाचायचं आणि तोंडाने खोकायचं. तुमचा दमा प्रसिद्ध आहे, संशय येणार नाही. कारण असं, की मागच्या खेपेला मी फोनवर 'भात जरा लागला' एवढंच बोललो, तर ही बाई गुडघा अर्धामुर्धा बरा असताना एसटीत बसून दारात हजर. गुडघा भोपळ्यासारखा सुजला. आता डॉक्टर म्हणतात, या वेळी पुरती विश्रांती झाली नाही तर पिकअपचा क्लच तिला जन्मात दाबता येणार नाही. मासळी वाहणाऱ्या जिच्या पिकअपच्या हॉर्नने सगळा बाजार जागा होतो तिला क्लच नाही, म्हणजे काय उरलं? तेव्हा माझं इथे एकट्याचं झकास चाललंय असं तिला वाटलंच पाहिजे. पुढचं तुमच्या खोकल्यावर.)

तर मोठी बातमी. जयगडकडच्या एका वाडीच्या समुद्राकाठच्या पुळणीवर रविवारी रेवाल चालीची स्पर्धा होती, तिला मी एकटा जाऊन आलो! पिकअप मीच चालवली, मागे ट्रेलर मीच ओढला. तुम्ही ही स्पर्धा कधी पाहिली नाहीत म्हणून सांगतो. तिथे वेगाला कोणी विचारत नाही. रेवाल म्हणजे घोड्याची अशी चाल, की चारही पाय एकामागून एक पडतात आणि स्वाराच्या पोटातलं पाणी हलत नाही. स्वाराने पांढरा सदरा घालायचा, हातात काठोकाठ कोकम सरबताचा पेला धरायचा, आणि पुळणीच्या या टोकाच्या बावट्यापासून त्या टोकाच्या बावट्यापर्यंत जायचं. सदऱ्यावर लाल डाग ज्याच्या कमी तो श्रेष्ठ. लबाडीला जागाच नाही. माणसांच्या इतरही काही स्पर्धा अशा पांढऱ्या सदऱ्यात घ्यायला हव्यात, असं मला पुष्कळदा वाटतं.

आजवर आमची वाटणी ठरलेली. गाडी मथुरा चालवायची. अबोलीला चढवणं, फळीची कडी लावणं, कडी लागल्यावर ट्रेलरवर दोन थापा मारणं, हे सगळं मथुरेचं. मी बाजूला बसून कविता म्हणायच्या. (ती 'गप ऱ्हवा, वळण हाय' म्हणाली की थांबायचं, वळण गेलं की पुढचं कडवं.) अबोली पूर्वी भाट्याच्या पुळणीवर पोरांना पाठीवर फिरवत असे. तिचा मालक धंदा सोडून निघाला तेव्हा मथुरेने पाटल्यांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत तिला घरी आणलं. म्हणाली, पाटल्या काय हाक मारल्यावर मान वळवतात? ट्रेलर आमच्या होड्या बांधणाऱ्या भिकाजीने केला. त्याने आयुष्यात होड्याच बांधलेल्या. त्यामुळे ट्रेलरला पुढे होडीसारखी टोकदार नाळ आहे, निळा रंग आहे आणि बाजूला पांढऱ्या अक्षरांत 'मथुरा प्रसन्न' आहे. रस्त्यात लोक विचारतात, होडी कुठे नेताव?

रविवारी सकाळी अबोलीला हाक मारली, एका हाकेत ट्रेलरमध्ये चढली. मग देवाला नारळ ठेवून रीतसर गाऱ्हाणं घातलं, ट्रेलरची कडी लावली, त्यावर दोन थापा मारल्या आणि निघालो.

(आक्का, खोका. आणि जरा लांब खोका. गाऱ्हाणं आजवर मथुरा घालते आणि मी 'होय म्हाराजा' म्हणतो. घरात दुसरं माणूस नाही, मग गाऱ्हाणंही मीच आणि होयही मीच. पहिल्यांदा लाज वाटली. मग वाटलं, निदान ज्या जिवासाठी मागणं मागतोय तो तरी समोर असावा. म्हणून ट्रेलरमध्ये चढलेल्या अबोलीला पुन्हा उतरवून तुळशीसमोर उभी केली. 'बा देवा म्हाराजा, आज तुझं लेकरू एकटं निघालंय, होय म्हाराजा. गाडी एका किल्लीत चालू होऊ दे, होय म्हाराजा. मागे घ्यायचा प्रसंग येऊ देऊ नको, होय म्हाराजा. आणि तिकडे दापोलीला जी बसली आहे, तिचा गुडघा...' इथे माझं मागणं अर्धंच राहिलं आणि होय म्हणायला कोणी उरलं नाही. तेवढ्यात अबोली फुर्रकन फुरफुरली. देवाने ते होय धरलं असावं. मी डोळे पुसले, त्याच भरात ट्रेलरची कडी लावली, दोन थापा मारल्या आणि गाडीत बसलो. पुढचं तुम्हाला कळलं असेल. मला कळलं नव्हतं.)

रस्ताभर ट्रेलर पिसासारखा मागे येत होता. आरे-वारेची चढण पिकअपने हसत चढली. हिसका नाही, दचका नाही. समुद्र खाली असा पसरला होता, की चौथीतले आमचे गुरुजी आठवले. ते स्वतः रचलेल्या कविता फळ्यावर लिहून आम्हाला चालीवर म्हणायला लावायचे. त्यातली एक मी अबोलीसाठी मान मागे वळवून मोठ्याने म्हटली (वळणं सोडून):

टेकडीपल्याड गाव वसे, गावापल्याड नदी वाहे,
नदीपल्याड उभे कोणी, वाट कुणाची ते पाहे?

आक्का, हल्लीच्या पुस्तकांत असं कोणी उभं राहत नाही. वर्गात आम्ही पोरं शेवटच्या 'पाहे'ला इतकं लांबवायचो, की पलीकडच्या वर्गाचे पाढे थांबायचे. मी रविवारी तितकाच लांबवला. मागून कसलीही तक्रार आली नाही. पुढे नेवऱ्याच्या नाक्यावर मासे विकणारी मालन भेटली. तिने मथुरेची आस्थेने चौकशी केली आणि ट्रेलरचं बारकाईने निरीक्षण केलं.

(तेच ते निरीक्षण. मथुरेची पिकअप पाहून नाक्यावरच्या सगळ्या बायका टोपल्या टाकून धावल्या. आत मी! मालन म्हणाली, "ओ भावोजी, गाडी तुम्ही चालवताव? मथुराताय कुठाय?" मी जरा छाती काढून म्हणालो, "एकटा निघालोय. स्पर्धेला. मागे अबोली आहे." ती मागे गेली, फळीवरून वाकून आत पाहिलं, आणि तशीच पुढे येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "भावोजी, अबोली लय बारीक झाली वो. दिसतच नाय." मी उतरून पाहिलं. आत गवताची पेंढी होती, पाण्याची बादली होती, आणि एवढा वेळ मी जिला कविता ऐकवत आलो होतो ती नव्हती. मालन पदर तोंडाला लावून विचारते, "मग आता पुळणीवर कोण, तुम्हीच धावताव?" त्या हशाने नाक्यावरचे कावळे उडाले. शिवाय गाडी फिरवायची होती, आणि ट्रेलरसकट मागे घेणं मला येत नाही. मी डावीकडे वळवलं की तो उजवीकडे जातो. माझं ऐकायचं नाही असं त्याने ठरवलेलंच आहे. शेवटी त्या बायकांनीच तो सोडवला, होडी ओढतात तसा 'होय्या होय्या' करत रस्त्यावर फिरवून दिला. मालनने मोबाईलवर फोटो काढला आहे. तिचा फोन आला तर मथुरेपर्यंत जाऊ देऊ नका.)

(हा दुसरा कंस वेगळा ठेवला, कारण तो हसण्याचा नाही. घरी परत आलो तर अबोली अंगणाच्या दगडी गडग्यावरून मान बाहेर काढून रस्त्याकडे पाहत उभी. तुळस तिने बुंध्यापर्यंत खाल्ली होती, नारळाला तोंड लावलं नव्हतं. मी उतरलो, तिला हाक मारली, तर तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिची नजर पिकअपच्या दुसऱ्या दारावर. ते उघडेल आणि कोणीतरी उतरेल म्हणून. मीही वेड्यासारखा क्षणभर त्या दाराकडे पाहत राहिलो.)

स्पर्धेला पोचायला किंचित उशीर झाला, पण पंचांनी मोठ्या मनाने उतरवून घेतलं. पंचांत केरूनाना होते. त्यांनी स्वतःच्या हाताने माझा पेला काठोकाठ भरला. मी मांड ठोकली, 'चल माझे बाय' म्हटलं, आणि आक्का, काय ती चाल! शांत खाडीत होडी सोडावी तशी अबोली निघाली. पेल्यातला एक थेंब हलला नाही. सदरा शेवटपर्यंत दुधासारखा पांढरा. असा सदरा त्या दिवशी पुळणीवर दुसऱ्या कोणाचाच नव्हता, हे केरूनाना तुम्हाला केव्हाही सांगतील. (त्यांना विचारू मात्र नका.)

(खरं काय झालं ते असं. त्या टोकाच्या बावट्याजवळ नेहमी मथुरा उभी असते. हिरवं लुगडं, कमरेवर हात. अबोली बावट्याकडे कधी गेलेलीच नाही, ती मथुरेकडे जायची. बावटा तिच्या शेजारी असायचा म्हणून आम्ही जिंकायचो. हे मला इतक्या वर्षांत त्या दिवशी कळलं. अर्ध्या वाटेत अबोली थांबली. कान उभे केले. मग वळली आणि लोकांच्या गर्दीत शिरली, चाल तीच, रेवाल. हिरवं नेसलेल्या एका बाईसमोर थांबली, वास घेतला, पुढे. दुसरीसमोर थांबली, पुढे. लोक बाजूला होत होते, पोरं टाळ्या पिटत होती, मी पेला धरून वर बसलेलो, लगाम ओढावा तर सरबत सांडतं. शेवटी ती थेट आमच्या पिकअपपाशी गेली आणि चालकाच्या खिडकीतून मान आत घातली. खूप वेळ तशीच. केरूनाना धापा टाकत आले, माझा सदरा पाहिला, पेला पाहिला आणि म्हणाले, "सखारामभाऊ, थेंब सांडला नाय हे खरं. पन तुम्ही शर्यतीत होताव कुठं?" मी घोडीवर बसूनच ते सरबत प्यायलो. तेव्हा सांडलं थोडं. नाना समजूतदार माणूस, तिकडे तोंड फिरवून बावटे मोजायला लागले.)

असा एकंदर दिवस फार चांगला गेला. स्वयंपाकाचंही मला आता जमतं. (जमतं खरंच. भात लागत नाही. पण दोन माणसांचाच होतो. हाताला तेवढंच माप ठाऊक आहे.) तेव्हा मथुरेने इकडची काडीची काळजी करू नये. डॉक्टर सांगतील तोवर तुमच्याकडेच राहावं, पायरी चढू नये, आणि उगाच स्वयंपाकघरात येऊन तुमच्या आमटीत मीठ कमी आहे असं म्हणू नये. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला माझा विशेष.

आपला,
सखाराम

ता. क. मथुरा नंबर विचारील. नंबर काय, पोस्टाच्या पेटीलाही असतो, माणसाने चाल बघावी, असं सांगावं.

ता. क. दोन. (आक्का, हेच लिहायला बसलो होतो, वरचं सगळं हाताला वळण यावं म्हणून लिहिलं. तुमची म्हैस गेल्यापासून गोठा रिकामा आहे असं ऐकतो. तिथे एक घोडी मावेल का? अबोली तीन दिवस गवताला नीट तोंड लावत नाही. फार त्रास देणार नाही. तुळस मात्र उंचावर ठेवावी लागेल. आणि घोडी आली म्हणजे तिच्यामागे एक म्हातारा येणारच. मला पडवी पुरे. तांदूळ आणतो. गाडी मीच आणीन; दोन खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या, तिथे मागे घ्यायचा प्रसंग आला तर खलाश्यांच्या पाया पडेन. निघण्यापूर्वी ट्रेलरमध्ये दोनदा डोकावीन. इथे माझं सगळं व्यवस्थित आहे, आक्का, खरंच आहे. फक्त मी कविता म्हणायला लागलो की मला गप बसवणारं कोणी नाही, आणि कोणी गप बसवलं नाही की कविता पुरी होते, आणि पुरी झाली की पुढे काय करायचं ते सुचत नाही.)

ता. क. तीन. मथुरे, तुझ्या बहिणीला खोटं खोकता येत नाही हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. म्हणजे एव्हाना हे पत्र तुझ्या हातात आहे, कंसांसकट, आणि तू पिशवी शोधायला उठली आहेस. बस खाली. पाय लांब कर. तू निघायचं नाहीस. शनिवारी आम्ही दोघं निघतोय. तू इकडे यायला निघालीस आणि आम्ही तिकडे यायला, तर वाटेत आपली चुकामूक होईल, आणि या वयात मला ती परवडायची नाही.