आबांच्या खोलीतली लाकडी जमीन

२ एप्रिल ९४, जळगाव
थोरल्या भावाच्या, आबांच्या खोलीत लाकडी जमीन आज पुरी झाली. शहाबादी फरशीच्या गारव्याने त्यांचे गुडघे धरतात, म्हणून खटाटोप. गिऱ्हाइकाच्या बंगल्यातून उरलेल्या फळ्यांच्या पेट्या. एक फळी मुद्दाम कापून पाहिली. वर सागाचा तीन मि.मी. थर, खाली पातळ थर, एक उभा एक आडवा. म्हणून वाकत नाही. सोबतचा इंग्रजी कागद मी सातवी पास सुताराने शब्दकोश घेऊन वाचला. भिंतीपाशी दहा मि.मी. जागा सोडा म्हणतो. सोडली नाही. माझ्या कामात पोस्टकार्ड जाईल एवढी फट आजवर कुणी दाखवलेली नाही.
आबा काठी टेकत दारापर्यंत गेले. "तुझ्या देवळात चपला काढून यावं लागंल आता."

१९ एप्रिल
आबा गेले. पहाटे, खाटेवरच.

४ मे
दिवसकार्य उरकलं. वहिनी त्याच खोलीत, कूलर लावून. दुपारी चारला वीज जाते, कूलर थांबतो. पाच मिनिटांनी आवाज. टक्. टक्. मग बारीक, काठीसारखा. खाटेपासून दारापर्यंत, थेट आबांची चाल.
वहिनींनी पाय आवरले. "पाय बाजूले ल्या भाऊ, त्या येई राहिनात."
आबा येताहेत म्हणून मीही घेतले.

७ मे
कारण सापडलं. माझंच. कूलरच्या ओलाव्याने फळ्या फुगतात, भिंतीपाशी जागा नाही, म्हणून उचलतात. कूलर थांबला, हवा कोरडी झाली की एकेक खाली बसते. पण खाटेकडून दाराकडेच का? उलट का नाही? कागदात नाही.
कुणाला बोललो नाही.

१२ मे
धुळ्याहून पुतणी नंदा आईला न्यायला आली. वहिनी अर्ध्या पोळीवर आल्यात, खोलीबाहेर येत नाहीत. आबा आले तर काय, म्हणाल्या, "मी जासु तं घर बंद दिसी त्यासले."
नंदाने मला अंगणात गाठलं. "नाना, असंच चाललं तर आईपण जाईल माझी. ही जमीन तुम्ही लावलीय, तुम्हीच गप्प करा."
तेव्हा सांगितलं. माझं चुकलं. तीस वर्षांच्या कामात पहिल्यांदा हे शब्द.
"मग इतके दिवस नुसते ऐकत काय बसलात?"
मलाही आबांची ती चाल ऐकायची होती.

१३ मे
चारी कडा दहा मि.मी. कापल्या, फट पट्टीने झाकली. चार वाजले. वीज गेली. सव्वाचार, साडेचार. काही नाही. वहिनी दाराकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. आबांना कुठे धाडलं, हे मलाच विचारलं.
"कथा धाडं तुम्ही त्यासले?"
संध्याकाळच्या एस.टी.ने नंदाबरोबर गेल्या. मागे वळून पाहिलं नाही.

२१ मे
शेजाऱ्यांकडे नंदाचा फोन. "आई जेवते आता, नाना. पोटभर. पण चार वाजले की पाय आखडून घेते." खाली काय आहे, विचारलं. "साधी सिमेंटची फरशी. आणि वीज चालू असते." मग नंदा हळू बोलली.
"कालपासून मीपण पाय घेते."
उद्या सकाळच्या गाडीने धुळे. करवत बरोबर घ्यायची का, अजून ठरलं नाही.